लाल झग्याच्या आत कोण?

मी एक जुना लाल झगा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. कोपरावर ठिगळ आहे, अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, पण एके काळी माझ्यावाचून नाटक सुरू होत नसे. नाटक कंपनीच्या शिंपीकाकांनी मला दिवाणखान्याच्या जुन्या पडद्यातून बेतले. पडद्यामागे काय चालते ते बघायची खोड मला तिथूनच लागली असावी.

आमचे नाटक विनोदी होते. नायिका मालकाच्या प्रेमात आंधळी. लाल झगा दिसला की तिला मालकच दिसे. मग नोकर मला गुपचूप अंगात घाली आणि ती त्याच्यावरच जीव ओवाळून टाकी. प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळे. शेवटच्या प्रवेशात मी मालकाच्या अंगावर परत जाई, ती त्याचा हात धरी आणि पडदा पडे. मालक आणि नोकर होणारे दोघे सख्खे भाऊ, थोरला आणि धाकटा. अंगलट एक, आवाजही एक.

नायिका व्हायची ताई. चष्म्याशिवाय तिला माणसे दिसत नसत, नुसते रंग दिसत. पण नायिकेला चष्मा कसा चालणार? एकदा ती रंगमंचावर खुर्चीला धडकली, तेव्हा मॅनेजरांनी बजावले, "आता एक जरी चूक झाली, तर हे काम दुसरीला." त्यामुळे तिची सारी भिस्त माझ्यावर. मला मात्र एकच कुतूहल होते. हिचे प्रेम माझ्यावर, की आतल्या माणसावर?

आणि एका प्रयोगात घोटाळा झाला. शेवटच्या प्रवेशाआधी माझी गळ्याची गाठ सुटेना. भाऊ ओढताहेत, गाठ आणखी आवळते आहे, तेवढ्यात घंटा झाली. धाकटा मला घालूनच रंगमंचावर गेला आणि थोरला झग्याविना! माझे धाबे दणाणले.

ताई सरळ माझ्याकडे आली. तिने बाही धरली. आता हात धरला की नाटकाचा विचका आणि तिचे कामही गेले. पण ती थबकली. क्षणभर कान देऊन उभी राहिली. मग मला सोडून तिने थोरल्याचा हात धरला आणि म्हणाली, "झगा कुणाच्याही अंगावर असो, धनी माझे हेच!"

टाळ्या थांबेनात.

आत आल्यावर शिंपीकाकांनी विचारले, "अगं, चष्मा नाही, झगा भलत्याच्या अंगावर. तुला कळलं तरी कसं?"

"सोप्पंय, काका. मी जवळ गेले की हे धाकटे श्वास रोखून धरतात. प्रत्येक प्रयोगात. थोरल्यांना काही होत नाही."

धाकटा अजून माझ्यातच होता. त्याची छाती अशी धडधडत होती, की माझी शिवण उसवते की काय असे मला वाटले.

"आणि तुला गं?" काकांनी हळूच विचारले.

ताईने चष्मा चढवला. धाकट्याकडे नीट पाहिले आणि माझी गाठ सोडवू लागली. ती लगेच सुटली.

पुढे ते नाटक बंद झाले आणि मी पेटीत गेलो. ताई आणि धाकट्याच्या लग्नालाही मला कुणी नेले नाही. राग आला, खोटे कशाला सांगू? पण माझे कुतूहल शमले होते. मित्रांनो, मला कसरीपासून जपा, अधूनमधून ऊन दाखवा. माणूस ओळखायचा असेल तेव्हा मात्र आधी माझी गाठ सोडा.