मीराबाईसमोर वाचायचं पान

मंगळवारी सकाळी सव्वादहाला नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "काका, आम्ही सगळे प्रयत्न केले." माझी बायको कौशल्या गेली हे मला तेव्हा कळलं. आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातातल्या पिशवीत एक पुस्तक होतं. त्यातली चार पानं मला त्या दिवशी तिला वाचून दाखवायची होती, तीही मीराबाईसमोर. आता ती वाचावी लागणार नाहीत, हे माझ्या मनात आधी आलं. रडू मागून आलं.

मीराबाई बाजूच्या बाकड्यावर बसली होती. पंचवीस वर्षं ती आमच्या नर्सरीत कौशल्याच्या जोडीनं कामाला आहे. तिनं विचारलं, "काय म्हनते भौ डॉक्टर?" तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, माझ्या मनात आलेलं हिला दिसलं की काय.

हे मी कोणाजवळ बोललो नाही. आज सांगतो.

आमचं गाव हिंगण्याच्या पुढं आहे. गावातले निम्मे पोट्टे कंपनीच्या बसनं जातात, निम्मे मोटरसायकलनं. आमची तीन एकर नर्सरी आहे. संत्र्याची कलमं करतो. बाहेर रस्त्यावर बोर्ड आहे, "चरडे नर्सरी, प्रो. मधुसूदन चरडे". मधुसूदन म्हणजे मी.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंबेरी लिंबाचं रोप वर्षभर वाढवायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीला चाकूनं छेद द्यायचा. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढून त्या छेदात सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. वीस-बावीस दिवसांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा दिसला तर लागला, काळा पडला तर गेला. चाकूचं काम कौशल्याचं. पट्टी मीराबाईची. पिशव्या भरणं, पाणी देणं, गिऱ्हाइकाशी बोलणं माझं.

लग्न झालं तेव्हा चाकू माझ्याकडं होता. माझे शंभरातले तीस डोळे लागायचे. तिसऱ्या वर्षी तिनं हसत हसत चाकू मागितला. तिचे पंच्याण्णव लागले. तिचे वडील दादाजी काटोलकडं एका बागायतदाराच्या बगीच्यात कलमं बांधायचे, त्यांच्याजवळ बसून ती लहानपणी शिकली होती. कोणत्या झाडावरून डोळा घ्यायचा हे तीच ठरवायची. बुडाजवळची साल नखानं खरवडायची, वास घ्यायची, आणि म्हणायची, "नाई. हे झाड आतून सडून राह्यलं." वरून झाड हिरवंगार असायचं. दोन वर्षांनी ते डिंक गाळायला लागायचं. चरड्याच्या कलमाला डिंक्या येत नाही, असं लोक सांगायचे. त्या नावावर आमची नर्सरी चालली.

मागच्या फेब्रुवारीत नागपूरहून जितेंद्र सर आले. ते विदर्भातल्या पंचवीस उद्योजकांचं पुस्तक काढत होते. हिंगण्याचा नटबोल्टवाला, बेकरीवाला, ट्रकवाला, शाळेची दप्तरं शिवणारी एक बाई, आणि शेतीतून मी. सोबत मोनाली नावाची फोटो काढणारी मुलगी होती.

कौशल्यानं चहा आणला. सर म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण बसा."

"मले काय समजते बाप्पा त्यातलं," ती म्हणाली. "त्याइले बोलू द्या. थे चांगलं बोलते."

मी चांगलं बोललो. कलमाची विद्या कुठं शिकलात असं सरांनी विचारलं. मी म्हणालो, काटोलला राहून शिकलो, एक हंगाम उपाशी काढला. झाड कसं ओळखता, विचारलं. मी म्हणालो, बुडाची साल खरवडून वास घेतो. ती दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या तेव्हा मला कळलं की ती ऐकते आहे. तरी मी थांबलो नाही. बोलायला लागलं की माणसाला आपलंच ऐकावंसं वाटतं.

मग मोनाली म्हणाली, "काका, एक डोळा भरताना फोटो घेऊ."

तीस वर्षांनी मी चाकू धरला. छेद दिला, डोळा काढला, सरकवला. मीराबाईनं पट्टी बांधायला हात पुढं केला आणि तिला फसकन हसू आलं. कौशल्या हळूच म्हणाली, "हासू नको वं मीरे."

गाडी गेल्यावर कौशल्यानं रोप हातात घेतलं. "अवो, उलटा लावला तुमी डोळा. त्यानं का खाली मान घालून जमिनीत जाव काय?"

मीराबाई म्हणाली, "प्रोप्रायटरचं कलम हाये बाई. थे शीर्षासन करते."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी म्हणालो, "फेक ते."

"काहून? फोटोतलं हाये. पाहू तं लागते का." तिनं ते न्हाणीजवळ ठेवलं. मग हात धुता धुता, माझ्याकडं न पाहता, तिनं विचारलं, "माह्यं नाव सांगतलं का?"

"सांगतलं ना," मी म्हणालो.

"बाबाचं?"

"थेही सांगतलं."

तिनं उभ्या आयुष्यात माझ्याकडं ना दागिना मागितला, ना लुगडं. मागितलं ते एवढंच, आणि तेही विचारल्यासारखं.

तो डोळा लागला. अंकुर आधी खाली गेला, मग वाकून वर आला. रोपाला हुकासारखा बाक पडला. येणाऱ्याला ती दाखवायची, "हे आमच्या मालकाचं कलम."

पावसाळ्यात तिचे पाय सुजले. साखर होतीच, किडनी गेली. आठवड्यातून दोनदा मशीनवर न्यावं लागायचं, मग दवाखान्यातच ठेवलं. मुलगी मेघा हुडकेश्वरला राहते, ती रोज डबा आणायची. ऑक्टोबरात पुस्तकाचा कार्यक्रम झाला. कौशल्याच म्हणाली, "जा ना, धोतर नका घालू, पँट घाला."

मेघा माझ्यासोबत आली. हॉलमध्ये शाल आणि नारळ मिळाला. खुर्चीवर बसून मी माझी पानं उघडली. पानभर माझा फोटो, हातात ते उलट्या डोळ्याचं रोप. त्या हॉलमध्ये ते मला आणि मेघालाच कळत होतं. खाली लिहिलं होतं, मातीचे संशोधक. चार पानांत कौशल्यासाठी एक ओळ होती. "या प्रवासात पत्नीची मोलाची साथ लाभली." नाव नव्हतं. सरांचा दोष नाही, मी सांगितलंच नव्हतं. बाकीच्यांची पानं चाळली. नटबोल्टवाला, बेकरीवाला, ट्रकवाला, एकवीस जणांच्या गोष्टीत तीच ओळ होती. जणू आम्हा सगळ्यांची एकच बायको होती आणि तिला नाव नव्हतं.

जेवण झाल्यावर मेघा दिसली नाही. मला वाटलं घरी गेली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. कौशल्याला अक्षर ओळखू यायचं नाही, सहीपुरतं नाव लिहायची. ती म्हणाली, "आनलं का? वाचा."

मी चष्मा लावला. जन्म, शाळा, बापाची कोरडवाहू शेती, इथपर्यंत छापलं होतं तसं वाचलं. पुढं "काटोल येथे राहून मधुसूदनरावांनी" असं आलं आणि माझी जीभ अडली. ती उशीवरून माझ्याकडं पाहत होती. मी वाचलं, "ही विद्या मधुसूदनरावांना त्यांच्या पत्नी कौशल्याबाई यांनी दिली. कौशल्याबाई आपले वडील दादाजी यांच्याकडून ती शिकल्या होत्या."

एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबलो नाही. पुस्तकाच्या भाषेत एकेक वाक्य जुळवत गेलो. नर्सरीतला प्रत्येक डोळा कौशल्याबाईंच्या हातचा आहे. झाडाचा आजार त्या वासावरून ओळखतात. मधुसूदनरावांचे शंभरातले तीसच लागत. छापलेलं खोटं होतं आणि मी वाचत होतो ते खरं होतं. पण हे छापलेलं आहे असं मी भासवत होतो, म्हणून तेही खोटंच.

"तीस बी लिवले?" ती म्हणाली.

"लिवले."

"बाबाचं नाव पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "पान पालटा ना. एवढं सारं एकाच पानावर हाये काय?"

मी घाईनं पान उलटलं. संपलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "उद्या मीरेले आना. तिच्यासमोर वाचा. असंच वाचजा, एक शब्द सोडू नका."

"तिले कायले? इतकं दूर बसनं."

"तिनं पट्ट्या बांधल्या जलमभर. तिले ऐकू द्या."

घरी आल्यावर मी चहासुद्धा घेतला नाही. जे वाचलं होतं ते आठवून आठवून एका कागदावर लिहिलं आणि तो कागद पुस्तकात ठेवला. सकाळी मीराबाईला घेऊन बसमध्ये बसलो. सरांसमोर मी विद्या आपलीच म्हणून चाकू धरला, ते मीराबाईनं पाहिलं होतं. पुस्तकात हे छापलं नाही हे तिला ऐकताक्षणी कळलं असतं. तिच्यासमोर ते वाचणं म्हणजे स्वतःच्या तोंडानं कबूल करणं होतं. देवा, आज हे टळू दे, असं मी बसमध्ये म्हणालो. हे मी खरंच म्हणालो.

पुढचं वर लिहिलं आहे.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मेघा भांडी आवरत होती. ती म्हणाली, "बाबा, मी आईले पुस्तक आधीच वाचून दाखवलं होतं."

"कधी?"

"कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी. तुमी जेवत होते. मी तिथून सरळ दवाखान्यात गेली. तिनंच सांगतलं होतं, आधी मले येऊन वाचून दाखव म्हणून."

मी ओट्यावर बसलो. "सगळं वाचलं?"

"सगळं. काटोल, वास, साथ लाभली, सगळं."

"काय म्हणे ती?"

"काई नाई. म्हणे, उद्या तुह्या बाबाच्या तोंडून ऐकीन." मेघानं नळ बंद केला. "दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेली तं तुमी निघून गेले होते. मी पुसलं, काय वाचलं बाबांनी? तं म्हणे, तुह्या बाबानं बराबर वाचलं. पुस्तकवाल्याचंच चुकलं."

तिनं हात पुसले. मग म्हणाली, "मीरामावशीले काहून बोलावलं तिनं, थे समजलं ना आता?"

मला समजलं होतं. कौशल्या मला पकडत नव्हती. खाटेशी एकटीला सांगितलेलं मला दुसऱ्या माणसासमोर सांगता यावं, एवढी सोय करून देत होती. आणि मी ते टळावं म्हणून देवाला हात जोडले होते.

डिसेंबरात डोळे भरायचा हंगाम आला. चाकू मीराबाईनं उचलला. पट्टी बांधता बांधता ती सगळं शिकली होती. शंभरातले नव्वद लागले. जानेवारीत शेतकी कॉलेजच्या दोन मुली आल्या, खुशी आणि मयुरा. त्यांनी पुस्तक वाचलं होतं. खुशी म्हणाली, "काका, एक डोळा भरून दाखवा ना. फोटोत दाखवलाय तसा."

मीराबाईनं चाकू माझ्यापुढं धरला. "दाखवा ना भौ. हातच्या काकनाले आरसा कायले?"

तोंड उघडायला ती चांगली वेळ होती. मी म्हणालो, "खांदा दुखतो गं पोरीहो. मीराबाई दाखवते." आणि चहा सांगायच्या निमित्तानं घरात गेलो. दाराआड उभा राहिलो, कौशल्या उभी राहायची तिथंच. बाहेर मीराबाई सांगत होती, "हे पहा, डोळा वरच्या अंगानं पाह्यजे. उलटा लावला तं लागते, पन जलमभर वाकडा राह्यते. थे न्हानीपासचं झाड दिसते का? थो तसाच."

"तो कोणी लावला, मावशी?"

पट्टी ओढल्याचा आवाज आला. मग मीराबाई म्हणाली, "लावला कोनी तरी. पहिल्या पहिल्यानं होते तसं." तिनं मला झाकलं. मला त्यापेक्षा तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात जितेंद्र सरांचा फोन आला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. "काका, तुमच्या पानात काही बदल असेल तर वीस तारखेपर्यंत पाठवा. नसेल तर आहे तसंच घेतो." मी म्हणालो, पाठवतो. कागद लिहिलेला आहे, नुसता पाठवायचा आहे. पण मीराबाईला वाचून दाखवल्याशिवाय पाठवणं मला बरोबर वाटत नाही. कौशल्यानं आधी ते करायला सांगितलं होतं. आणि रोज काहीतरी काम निघतं. काल पाण्याची मोटर बिघडली.

मीराबाई एकदा स्वतः म्हणाली, "भौ, बाईनं मले कायतरी ऐकाले बोलावलं होतं ना त्या दिवशी? काय होतं थे?"

"वाचू," मी म्हणालो. "हंगाम होऊ दे."

"हंगाम तं झाला," ती म्हणाली आणि पट्ट्यांची टोपली उचलून गेली.

हे लिहितो आहे तेव्हा ती समोर खुंटांच्या ओळीत बसून पट्ट्या सोडते आहे, माझ्यापासून वीस पावलांवर. न्हाणीजवळच्या रोपाला नवी पालवी आली आहे. पुस्तक त्याच पिशवीत आहे, कागद पुस्तकात आहे. आज एकोणीस तारीख आहे. मी अजून वाचलेलं नाही.