पंधरा एप्रिलचा मंडप

भीमराजकाकांना तारखा तोंडपाठ. चवदार तळ्याची, धम्मदीक्षेची, महापरिनिर्वाणाची, कोणतीही विचारा. आर्णीच्या वस्तीतल्या जयंती समितीचे ते सचिव, आणि मंडप, माईक, खुर्च्यांचा धंदाही त्यांचाच. त्यामुळे जयंतीचा मंडप कधी उभा राहणार आणि कधी उतरणार, हे ठरवायचे तेच. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली की पंधराच्या सकाळी बांबू सुटलेच म्हणून समजा.

म्हणूनच मार्चअखेर रुपालीने त्यांना आपल्या शिवणाच्या दुकानासमोर थांबवलं.

"काका, यंदा मंडप एक दिवस जास्त राहू द्याल?"

"काहून वं? लगन हाय का कोणाचं?"

"नाही. पंधरा तारखेले आमचा दिवस असते."

काकांनी मोटरसायकल बंद केली. रुपालीने एका दमात सांगून टाकलं. दोन हजार चौदा साली, जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. आपण पुरुष, बाई की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने सांगायचं, दुसऱ्याने ठरवायचं नाही. आणि तो निकाल घटनेच्याच आधाराने दिला.

"दुसऱ्याच दिवशी?" काका म्हणाले. "अन् हे मले इतक्या वर्षांत कोणी सांगतलं नाही!"

त्यांच्या आवाजात राग होता. पण तो रुपालीवर नव्हता; आपल्याला एक तारीख माहीत नव्हती, याचा होता.

रुपाली पस्तिशीची. याच वस्तीत मुलगा म्हणून जन्मली, सतराव्या वर्षी घरातून निघून गेली, आणि यवतमाळला शिवणकाम शिकून बाई म्हणून परत आली. दुकान थाटलं, तेव्हा तीन महिने कोणी फिरकलं नव्हतं. मग एका दुपारी महिला मंडळाच्या कांताबाई ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाह्या जराशा सैल ठेव, मले गरम होते." एवढंच. त्यानंतर बायका यायला लागल्या. आज सणासुदीला तिच्याकडे कपडे ठेवायला जागा नसते.

पण पंधरा एप्रिल ती एकटीच पाळायची. त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं, मेणबत्ती लावायची आणि सोनूची आठवण काढायची. सोनू उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरची, रुपालीसारखीच मुलगा म्हणून जन्मलेली, शिवणाच्या वर्गातली तिची जिवाभावाची मैत्रीण. निकालाची बातमी दोघींनी एका चहाच्या टपरीवरच्या टीव्हीवर पाहिली होती. सोनूने तिथल्या अनोळखी माणसांनाही जिलेबी वाटली होती. पुढे सोनू कामासाठी वणीला गेली, आणि दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात तिच्याच खोलीत तिला कोणीतरी मारून टाकलं. साक्ष द्यायला एकही माणूस उभा राहिला नाही. तांड्यावर तिला शर्ट-पँट घालून निरोप दिला, आणि रुपालीला जवळ येऊ दिलं नाही.

काकांनी समितीच्या बैठकीत हा विषय काढला, तेव्हा निवृत्त मास्तर वामनरावांनी हरकत घेतली.

"हा जयंतीचा मंडप हाय. उद्या लोकं काय म्हणतील?"

रुपाली दाराशी उभी होती. तिला वाटलं, झालं, आता निघावं.

कांताबाई जागेवरूनच बोलल्या. "लोकं तं आधीही म्हणत होते, वामनराव. माह्या सासूले विहिरीवर चढू देत नव्हते, तवाही लोकं काहीबाही म्हणतच होते. तवा आपल्या मानसांनी काय उत्तर देलं, ते तुम्हीच तं पोरांले शिकवलं ना?"

मग वामनराव म्हणाले, "माईकवर मी नाही बोलणार."

"नका बोलू. सतरंज्या टाका," कांताबाई म्हणाल्या.

आणि पंधरा एप्रिलला संध्याकाळी वामनरावांनी खरंच सतरंज्या टाकल्या. ऊन कलूनही हवा भट्टीसारखी होती. कुठूनतरी दोन कूलर आले. पन्नास-साठ माणसं बसली होती, त्यात बायकाच जास्त. त्रिशरण-पंचशील झालं आणि भीमराजकाकांनी माईक रुपालीच्या हातात दिला.

तिने भाषण लिहून आणलं होतं, पण कागद उघडलाच नाही. तिने सोनूची गोष्ट सांगितली. जिलेबीची सांगितली, वणीचीही सांगितली. शेवटी म्हणाली, "तुम्ही मले वस्तीत राहू देलं, माह्याकडं कपडे टाकले, आज हा मंडप देला. सोनूले असं कोणी भेटलं नाही. भेटलं असतं तं ती आज इथं बसली असती."

तिने माईक खाली ठेवला. कांताबाईंनी उठून तिच्या हाती पाण्याचा पेला दिला.

कोणीतरी ते बोलणं मोबाईलवर टिपलं होतं. ते या फोनवरून त्या फोनवर फिरत मे महिन्यात तांड्यावर पोचलं. एका सकाळी रुपालीचा फोन वाजला.

"मी सुखीबाई. सोनूची याडी."

याडी म्हणजे आई. सोनू हाक मारायची ते रुपालीने कितीदा ऐकलं होतं. तिने कात्री खाली ठेवली.

"तू तिचं नाव घेतलं," सुखीबाई म्हणाल्या. "सहा वर्षं होत आले, आमच्या घरात कोणी घेत नाही. तिचं नाव घ्याचा अजून एखांदा दिवस असते का, बाई?"

"असते, याडी. वीस नोव्हेंबर. अशा मारल्या गेलेल्या आमच्या लोकांची त्या दिवशी जगभर आठवण काढतात."

"मंग मी येतो."

येतील असं रुपालीला वाटलं नव्हतं. नोव्हेंबरात कापूस वेचणीचे दिवस. म्हाताऱ्या बाईला कोण सोडणार? पण वीस तारखेला दुपारी सुखीबाई एसटीतून उतरल्या. त्यांना आणायला वामनराव आपली स्कूटर घेऊन गेले होते. जा असं वामनरावांना कोणी सांगितलं नव्हतं.

"फुलसिंगबाबा नाही आले?" रुपालीने सोनूच्या वडिलांबद्दल हळूच विचारलं.

"बुढा नाही आला. पण बसमंदी बसवून देलं त्यानं. खिडकीतून म्हणे, मेणबत्ती माह्याकडूनही लावजो."

वस्तीतल्या बुद्धविहारात या वेळी वीस-पंचवीसच माणसं होती. रुपालीने मारल्या गेलेल्यांची नावं वाचायला सुरुवात केली. सोनूचं नाव आलं, तेव्हा सुखीबाई उठल्या. माईकचा त्यांना सराव नव्हता. भीमराजकाकांनी तो त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"सोनू फुलसिंग राठोड," त्या म्हणाल्या. "माही पोरगी."

मग त्यांनी एक मेणबत्ती लावली आणि तिच्या शेजारी दुसरी.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "हे सारे सोनूले ओळखत होते का?"

"नाही, याडी. कोणीच नाही."

"तरी आले?"

"तरी आले."

सुखीबाईंनी पदराने डोळे पुसले. त्या रात्रीपुरत्या रुपालीकडे थांबणार होत्या, पण कांताबाईंनी ऐकलंच नाही. "तिच्या एका खोलीत तुम्ही कुठं मावता? माह्या घरी चला, भाकरी टाकतो." त्यांनी सुखीबाईंची पिशवी उचलली, आणि दोघी बोलत बोलत निघाल्या. अर्ध्या वाटेवर कांताबाईंनी मागे वळून आवाज दिला, "तुह्या वाटचीही टाकून राह्यली, लवकर ये!"

रुपालीने विहार झाडून घेतला आणि दाराला कडी लावली. इतकी वर्षं तिला वाटायचं, लोकांनी आपल्याला जगू दिलं, हेच त्यांचे उपकार. आज त्यांनी सोनूसाठीही जागा केली होती. ती भरभर चालत कांताबाईंच्या घरी गेली आणि चुलीजवळ बसून पीठ मळायला लागली.