बुरुलचाच्या काळजातला दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. विहिरीचा नाही, झोक्याचाही नाही. नारीनच्या डोंगरात बुरुलचा नावाची बाई राहते, तिच्या काळजाच्या डाव्या कप्प्यात माझा मुक्काम. माझं एक टोक काळजाच्या भिंतीला, दुसरं झडपेच्या पडद्याला. काळीज आवळलं की पडदा उलटू द्यायचा नाही, आणि भिंतीलाही ताणून आकारात ठेवायचं, हे आम्हा भावंडांचं काम. तिच्या जन्माआधीपासून आम्ही ते बिनतक्रार करतोय. म्हणजे तक्रार होतीच. ऐकायला कोणी नव्हतं.

तिच्या लहानपणी तिचा घसा सुजला. आईनं गळ्याला मेंढीची चरबी चोळली आणि डॉक्टरकडे न्यायचं राहून गेलं. मग सांधे सुजले, ताप आला, आणि त्या दुखण्यानं आम्हालाही गाठलं. आम्ही आखडलो. पडदे नीट मिटेनात, रक्त मागे गळू लागलं. तरी आम्ही ओढून धरलं. तिनं लेकरं वाढवली, तंबू उभारले, आणि तिला धाप लागली की नवरा एसेन म्हणायचा, “बाई आळशी झाली!” मला असा संताप यायचा!

शेवटी हिवाळ्यात तिला बिश्केकच्या इस्पितळात आणलं. मोठे सर्जन कादिर. त्यांना सगळे बायके, म्हणजे दादा म्हणत. त्यांच्या हाताखाली डॉक्टर नुरझात नावाची तरुण बाई.

“एजे, चढावर दम लागतो?” नुरझातनं विचारलं. एजे म्हणजे ताई.

“या माणसाशी संसार केला की बसल्या जागी लागतो!” बुरुलचानं दाराशी उभ्या एसेनकडे बोट दाखवलं. “विचारा त्याला, आमचा तंबू कुठे गेला! छताच्या कड्याला वाऱ्याचा दोर लोंबतो ना, वादळात खुंटीला बांधायचा? यानं तो कापून शिंगरू बांधलं! म्हणे, ऊन पडलंय, दोर नुसता लोंबतोय.”

“मग?”

“मग काय! संध्याकाळी वारा सुटला. तंबू ओढ्यापलीकडे, शिंगरू जागच्या जागी!”

“शिंगरू तरी राहिलं ना!” एसेन पुटपुटला. कादिर बायके पोट धरून हसले.

“ते असू दे. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर जाईन ना मी?” तिनं हळूच विचारलं.

“काळजात जोर राहिला तर नक्की,” नुरझात म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी गार औषध सोडून काळीज थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सैल पडलो, आणि नेमकी तेव्हाच बायकेंची कात्री आत आली.

“सगळं काढतो. बसवायच्या धातूच्या झडपेला स्वतःची दारं असतात. हे दोर कशाला? उगाच दारात अडकायचे.”

कशाला! एवढी वर्षं ओढून धरलं, ते कशाला? मला ओरडायचं होतं. पण दोराला कुठलं तोंड?

“पुढचे दगड झालेत, ते काढा,” नुरझात म्हणाली. “मागचे दुमडून कडेला शिवू, दारात येणार नाहीत. हेही गेले तर काळीज फुगत जाईल, बायके.”

“वेळ जाईल. मी आजवर कापतच आलोय.”

“शिंगरू बांधायचंय का?”

कात्री माझ्याजवळच थांबली.

“फार बोलतेस,” बायके म्हणाले. “टाका दे.”

पुढची भावंडं स्टीलच्या वाटीत गेली. त्यांच्यासाठी कोणी हळहळलं नाही. मला मात्र नव्या झडपेच्या कडेला शिवून टाकलं.

जूनमध्ये बुरुलचा कुरणावर पोहोचली. एसेननं तिच्या छातीला कान लावला. “घड्याळच बसवलंय की! काय गुणाची झडप!” शेजारी किमिझचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे घेऊन जमले, झडपेची टिकटिक ऐकून गेले. कालची आलेली ती, आणि सगळं कौतुक तिचं! मला कोणी विचारलंही नाही.

मित्रांनो, माझं कौतुक करू नका, पण घसा दुखला तर घरी सांगा, डॉक्टरकडे जा. आणि एखादी वस्तू नुसती लोंबताना दिसली, तर कापण्याआधी ती कशाला आहे एवढं तरी विचारा.

परवा ढग आले. “एसेन, दोर!” बुरुलचा ओरडली. एसेननं या वेळी निमूटपणे दोर खुंटीला बांधला. तेवढ्यात मोकळं शिंगरू टेकडीवर पळालं आणि बुरुलचा त्याच्यामागे झपाझप चढ चढू लागली.

मी ओढून धरलं.