राबावरचं इरलं

पळसाचं पान वाळताना आधी कडेने आकसतं. मधली शीर मात्र बराच काळ ताठ राहते. म्हणून इरलं विणताना एका पानाची कड दुसऱ्या पानाच्या शिरेखाली दडवतात. एवढं नीट साधलं की पावसाचा थेंब वरून घसरून जातो, आत शिरत नाही.

मित्रांनो, मी असंच एक जुनं इरलं आहे. उंबरमाळीच्या वरच्या वाडीत बारकूच्या आईने, रखमीने, मला विणलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा तिचा. पानं मात्र दरवर्षी नवी. पुढे तिची सून, बारकूची बायको जनाबाई, मला डोक्यावर घेऊन भात लावू लागली. ती दिवसभर ओणवी असायची आणि मी तिच्या पाठीवर पालथा. तिची पाठ कोरडी राहायची. माझं काम एवढंच होतं आणि ते मी चोख केलं.

मग प्लास्टिकचा कागद आला. तो हलका होता. मी खुंटीवर गेलो. तिथे उंदरांनी माझी दोरी कुरतडली.

दोन वर्षांपूर्वी हितेश आला. तो कल्याणकडचा. शहरातल्या लोकांना तो आडगावी घेऊन यायचा. त्यांच्या टी-शर्टवर लिहिलेलं असे, ‘गावाला देऊ, गावाकडून शिकू’. बारकूच्या घरच्या जेवणाचे पैसे तो वेळेवर द्यायचा, हेही सांगायला हवं. त्याने मला खुंटीवरून काढलं, नवी पानं घालून घेतली. मला फार आनंद झाला.

गेल्या आषाढात पाहुण्यांना भातलावणी शिकायची होती. पाऊस कोसळत होता.

“मावशी, ते प्लास्टिक काढा ना. फोटोत गाव वाटत नाही,” हितेश म्हणाला.

जनाबाईने कागद काढला. मी एका पाहुणीच्या डोक्यावर गेलो. ती छत्रीत उभी होती. जनाबाई माझ्यासमोर भिजत होती आणि फोटोत मी सुंदर दिसत होतो.

भाताचं रोप बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल लावत नाहीत. खोल गेलं तर त्याला फुटवे येत नाहीत. पाहुण्यांनी रोपं मनगटापर्यंत खुपसली. कंटाळा आल्यावर शेजारच्या लावलेल्या खाचरात एकाने दुसऱ्याला ढकललं. मग सगळेच लोळले.

“अवं, तिथं लावलंय!” जनाबाई ओरडली.

“उगवेल की मावशी, मातीच आहे!” हितेश हसला.

बारकूही हसला. पाहुण्यासमोर यजमान हसतो, तसा.

गाड्या गेल्यावर दोघं चिखलातून मोडकी रोपं वेचत राहिली. घरची रोपं संपली होती. वाडीत कोणाकडेच उरली नव्हती.

“तू सांगायचं ना त्यांना,” बारकू म्हणाला.

“पाव्हनं आनलं तुमी, नि सांगू मी?”

“दारातल्या मानसाला नाय कसं बोलायचं गो?”

“मंग शिजवा आता त्यांचं फोटू.”

ते खाचर मोकळंच राहिलं. दिवाळीला कणगी निम्मीही भरली नाही. शिमग्यानंतर जनाबाई स्वतः अर्धी भाकर खाऊन उठू लागली. त्याच दिवसांत हितेशच्या सहलींच्या जाहिरातफलकावर माझा फोटो झळकला. इतकं कौतुक मला भर कामाच्या वर्षांतही मिळालं नव्हतं.

मित्रांनो, दूरच्या गावी जरूर जा. पण तिथला माणूस हसला म्हणजे त्याने होकार दिला, असं समजू नका. शेतात उतरण्याआधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बांधावरच थांबा.

आज शेताच्या कोपऱ्यात राब रचला आहे. खाली शेण, वर डहाळ्या आणि पाचोळा. हे भाजलं की याच राखेत नवी रोपं वाढतील. बारकूच्या हातात काडेपेटी असतानाच फोन वाजला.

“काका, यंदा दोन बस आणतो! आणि ते इरलं जपा हं, लोक त्याच्यासाठीच येतात.”

बारकूने फोनवर हात ठेवला. “काय सांगू गो?”

जनाबाई घरात गेली, मला खुंटीवरून काढून घेऊन आली. तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला राबावर पालथं ठेवलं. मग बारकूच्या हातातून फोन घेतला.

“हितेशभाऊ, घरी या, बसा, भाकर खा. पन आमच्या शेतात पाय नाय टाकायचा. नि इरलं नाय आता.” तिने फोन बंद केला. “अवं, बघता काय? लावा काडी.”