रेडिएटरसुद्धा निष्कलंक

सकाळी वजनकाट्यावर ट्रकांची लांब रांग लागते आणि कवचबाबापुढे त्याहून लांब. मी काट्यावरचा कारकून. खिडकीत बसून फुकटचा तमाशा बघतो.

हा बाबा अंगारा देत नाही, चक्क दवाखान्यातली एचआयव्हीची तपासणीपट्टी वापरतो. ड्रायव्हरच्या बोटाला टोचायचं, रक्त कापसाने टिपायचं, डोळे मिटून पुटपुटायचं आणि पट्टीवर लाल थेंब सोडायचा.

"एकच रेघ! निष्कलंक! गळ्यात माझं कवच आहे तोवर कुठेही मुक्काम करा, कुणाहीजवळ झोपा. रोग शिवला तर माझं नाव बदला!"

समोरच नर्सबाईंचं टेबल. तिथे माशा बसतात. दवाखाना उघडतो तेव्हा हे लोक रस्त्यावर असतात, म्हणून बाई स्वतःच इथे आल्या. लागण टाळायची रोजची गोळी त्यांच्याकडे आहे, आणि आता दोन महिन्यांतून एकदा घ्यायची सुईही.

"रोज गोळी गिळायला आम्ही काय आजारी आहोत?" एक मिशाळ ड्रायव्हर खदखदून हसला. तीन वर्षं कवचधारी, दर फेरीला एकच रेघ.

"आणि डबी बायकोला सापडली तर?" दुसरा म्हणाला.

"म्हणून तर सुई आणलीय," बाई म्हणाल्या. "डबी नको, आठवण नको. आधी फक्त खरी तपासणी."

कुणी हललं नाही.

तेवढ्यात मिशाळची बायको पिशवी घेऊन माझ्या खिडकीशी आली. सातवा महिना. सरकारी दवाखान्यात तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. मिशाळ धावत आला.

"आईंनी घराबाहेर काढलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, माझा मुलगा बाबांनी तपासलाय, तूच कुठून तरी आणलंस."

मिशाळने बुटांकडे बघितलं. "आई काय खोटं बोलली?"

तिने रडूनही दाखवलं नाही. सरळ बाबासमोर जाऊन बोट पुढे केलं. आमचं बोलणं बाबाच्या कानावर कुठे गेलं होतं?

"निष्कलंक, माते!"

तिने दवाखान्याचा कागद त्याच्यापुढे धरला. "मग हे काय?"

"त्यांची यंत्रं अशुद्ध..."

नर्सबाई उठल्या. बाबाच्याच खोक्यातली नवी पट्टी फोडली, मिशाळच्याच ट्रकच्या रेडिएटरमधलं पाणी त्या पट्टीवर टाकलं, वर पट्टीबरोबरच्या द्रवाचे दोन थेंब. सगळे वाकून बघू लागले.

एकच रेघ.

"ही रेघ एवढंच सांगते, की पट्टी भिजली. रोगाची रेघ दुसरी. ती उमटायला पट्टीवर रक्त पडायला हवं! तुमचं रक्त कापसात राहतं आणि पट्टीवर हे पडतं." बाईंनी बाबाच्या बाहीतली कुपी ओढून काढली. लाल रंगाचं पाणी.

"म्हणजे माझा रेडिएटरसुद्धा निष्कलंक?" मिशाळ पुटपुटला. हशा पिकला. बाबा लघवीला म्हणून गेला तो चपला सोडूनच.

मग मिशाळचं खरं रक्त पट्टीवर पडलं. दोन रेघा. हशा जागच्या जागी थांबला आणि बाईंच्या टेबलापुढे रांग लागली. मिशाळही रांगेत शिरला.

"मलाही ती सुई द्या, सिस्टर."

"ती लागण नसलेल्यांसाठी. तुम्हाला आता उपचार. रोज गोळी, जन्मभर."

मघाशी रोजच्या गोळीला हसणारा हाच. मला कीव आली नाही.

"माझ्या सुरू झाल्यात," बायको म्हणाली. "न चुकता घेतल्या तर बाळ बहुतेक लागणीतून वाचेल, डॉक्टर म्हणाले. आता आईंना फोन लावा. सगळ्यांसमोर."

त्याने लावला. म्हणाला, "आई, तिची चूक नाही. मीच दिलं तिला."

स्पीकरवर म्हातारीचा आवाज आला, "बाबांकडून एकदा परत तपासून घे ना रे."

बाबा पळवणं सोपं आहे हो. म्हातारीच्या डोक्यातला बाबा कोण पळवणार? म्हणून हात जोडून सांगतो: गाडी घेऊन घराबाहेर राहणाऱ्यांनो, खरी तपासणी करा, मग गोळी घ्या नाहीतर सुई, पण घ्या. तुमच्या गळ्यातल्या कवचाचा हिशोब घरी बसलेल्या बाईकडून वसूल होतो.