भेगेला मिळालेली शाबासकी

मित्रांनो, मी एक जुनी सिरॅमिकची नळी आहे. तुम्ही मला पाहिले नसेल. ज्या मालकाने रोज पाहिले, त्यालाही माझे काम कळले नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पांढऱ्या मातीपासून मला घडवले, भट्टीत भाजले. माझ्या भिंतीला इतकी बारीक छिद्रे आहेत की पाणी पार जाते, जंतू अडकतात. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये रोपे वाढवत. त्यांच्या द्रवरूप खाद्यातली काही द्रव्ये उकळली की नासतात, म्हणून ते माझ्यातून गाळून निर्जंतुक करत. हे काम सावकाशच होते. मालकाला मात्र सावकाश म्हणजे आळशी वाटे.

"ही गाळतेय की पेंगतेय?" तो धाकट्या बहिणीला विचारी.

त्यांच्या आईचे पांढरे ऑर्किड कुंडीत कुजले, तेव्हा या बहिणीनेच त्याचे मोजके कोंब बाटल्यांत जगवले. त्या झाडाचे तेवढेच उरले होते.

कोंब नव्या खाद्यात हलवायच्या दिवशी मी तुंबले. उलट्या बाजूने पाणी सोडले असते तरी मोकळी झाले असते. मालकाने तारेच्या ब्रशने मला खरवडले आणि बेसिनच्या कडेवर आपटले. मला भेग गेली. खाद्य धो धो वाहू लागले.

"बघितलंस? दोन फटके दिले, आली वठणीवर!"

"दादा, हवेचा दाब देऊन तपासूया का? बुडबुडे आले तर..."

"बुडबुडे लहान मुलांनी बघायचे. तू हलव."

"निदान दोन कोंब जुन्या बाटलीत राहू देत ना."

"आईचं झाड आहे. अर्धवट काही नको, सगळे हलव."

तिने सगळे हलवले. नाही म्हणायची हिंमत तिच्यात नव्हती. मास्क मात्र अगदी नीट बांधला होता.

मला आयुष्यातली पहिली शाबासकी त्या दिवशी मिळाली. फुटल्याबद्दल! मालक येणाऱ्याजाणाऱ्याला माझा वेग दाखवत सुटला.

आठवडाभरात जंतू वाढून बाटल्या दुधाळ झाल्या, कोंब काळे पडले. तेव्हा कुठे तिने मला पाण्यात बुडवून हवेचा दाब दिला. भेगेतून बुडबुडे उसळले.

मालक म्हणाला, "हे तू आधी का नाही बोललीस?"

ती बाटल्या उचलून फेकायला निघून गेली.

मित्रांनो, मला जपा, अशी विनंती मी करणार नाही; तुमची जात मी जवळून पाहिली आहे. पण चोख काम करणाऱ्या वस्तूला तुमच्या घाईपायी बडवलेत, तर निदान नंतर तपासून घ्या. माझ्यासारखी नळी पुन्हा विकत मिळते. त्यांच्या आईचे झाड मिळत नाही.