घर कोणत्या तीरावर

"सुट्टी लागली की कुठं जातेस?" विद्यापीठात विद्यार्थ्यांचे राज्य कोणते ते ठरवणाऱ्या क्लाउसेनबाईंनी सहज विचारावे तसे विचारले.

"घरी," लेसी म्हणाली.

"घरी म्हणजे?"

"केंटकीला."

शेजारी बसलेल्या ओर्लीना मावशीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. परंतु बाण सुटून गेला होता.

आई निवर्तल्यावर लेसी कॉडिल ओहायो नदी ओलांडून ओहायो राज्यातल्या हॅमिल्टनला मावशीकडे आली, त्याला तीन वर्षे लोटली होती. पहाटे बेकरीत काम, दुपारी गावातले लहान कॉलेज. गाडीचा परवाना इथला, मतदानही इथलेच. आता पदवीची उरलेली वर्षे या मोठ्या विद्यापीठात पुरी करायची होती आणि विद्यापीठाने सारे प्रश्न नव्याने काढले होते. ही ओहायोची रहिवासी, की केवळ शिक्षणासाठी आलेली पाहुणी? पाहुणीला फी दुपटीहून अधिक; ती भरण्याचे सामर्थ्य त्या घरात कोणाचेच नव्हते. माघारी वळावे, तर नदीपलीकडच्या विद्यापीठाने आधीच सांगितले होते की राज्य सोडून गेलेली मुलगी आता आमची नव्हे.

"मॅडम, आमच्यात तसंच म्हणतात हो," मावशी पुढे सरसावली. "डोंगरातली माणसं आम्ही. चाळीस वर्षं झाली मला इथं; नवरा इथल्याच कारखान्यात झिजला. तरी मे महिन्यात कबरींवर फुलं घालायला निघाले की मीसुद्धा 'घरी चालले' म्हणते. शेजारीण चिडवते, 'ओर्लीना, तुझ्या घराला आग लागली तर बंब कुठल्या राज्यात पाठवायचा गं?'"

क्लाउसेनबाई मनापासून हसल्या. मग चष्मा सावरून म्हणाल्या, "पण नियम हिचा हेतू विचारतो, बाई. लेसी, हात वर कर आणि शपथेवर सांग: ओहायो हेच माझं घर, केंटकीला परत जाऊन राहायचा माझा विचार नाही. एवढं म्हणालीस की प्रश्न मिटला."

लेसीचा हात मांडीवरून उचलेना. शिक्षिका होऊन घरी येईन, असे तिने आईला अखेरच्या आजारात वचन दिले होते. आता शिक्षिका होण्याची वाट नेमकी ते वचन नाकारूनच पुढे जात होती. खोलीला खिडकी होती, दारही उघडे होते. तरी तिला वाटले, आपण भिंतीत चिणले जात आहोत.

"म्हण गं बाई," मावशी कुजबुजली. "शब्दच तर आहेत."

"शब्दच ना? मग तू म्हणून दाखव."

मावशीने तोंड उघडले. "ओहायो हेच माझं..." पुढे जीभ वळेना. तिने पर्स उघडली, मिटली. "माझं म्हातारीचं काय घेऊन बसलीस!"

क्लाउसेनबाई थांबून राहिल्या. त्या कठोर नव्हत्या. आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडताही येत नव्हते.

लेसीने हात वर केला आणि सारे वाक्य एका श्वासात म्हटले.

मेच्या अखेरच्या रविवारी डोंगरावरच्या कबरस्तानात सारे कुटुंब जमले. चादरींवर तळलेली कोंबडी आणि वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक मांडला होता. आईच्या कबरीवरचे गवत काढायला लेसीने खुरपे उचलले, तोच बर्लमामा हसत वर आला.

"आली का गं पोरगी घरी?"

दरवर्षी ती "आले, मामा" म्हणून त्याच्या गळ्यात पडे. आज शपथेसाठी वर केलेला तो उजवा हात तिला जड वाटला.

"भेटायला आले, मामा."

"भेटायला?" मामाने भुवया उंचावल्या; मग थट्टेने तिच्या हातातले खुरपे काढून घेतले. "अगं, मग बस की तिकडं सावलीत! पाहुण्यांना आम्ही कामाला लावत नसतो."

सगळे हसले. मामा वाकून गवत काढू लागला आणि लेसी रिकाम्या हातांनी आईच्या कबरीच्या पायथ्याशी उभी राहिली.